श्वास सोडणारा डबा

१२ जून

चि. भिंगवालीस,

आजीचा आशीर्वाद घे आणि पत्र पूर्ण वाच. घाबरू नकोस, कोणी मेलेलं नाही. फोन करत नाही, कारण फोनवर मला नीट ऐकू येत नाही आणि घरातल्या बाकी सगळ्यांना नीट ऐकू येतं. अक्षर लागलं तर लाव, नाही लागलं तर तुझ्या त्या भिंगाखाली धर. डासाचे पाय मोजतेस तर आजीचे काने-मात्रेही मोजता येतील.

विषय असा. सोमवारी तुमच्या खात्याची गाडी आली आणि दोन माणसांनी आमच्या इमारतीच्या चौकात, बरोबर आपल्या खिडकीखाली, एक काळा डबा ठेवला. बादलीएवढा. आत पंखा भुणभुणतो. शेजारी कमरेइतकी उंच लोखंडी टाकी, खांबाला साखळीने बांधलेली, आणि टाकीतून एक बारीक नळी डब्याच्या तोंडाशी आणलेली. मी वरून विचारलं, "काय रे ते?" तर म्हणाले, "डास पकडायचं आहे, आजी." मी म्हटलं, "डासाला टाकी कशाला? तो काय स्वयंपाक करणार आहे?" हसले आणि गेले. हसून उत्तर टाळणारा माणूस मला आवडत नाही.

सेक्रेटरीला गाठलं. तो म्हणाला, "तुमच्या नातीच्याच खात्याचं आहे, तुम्हालाच माहीत असणार." म्हणजे सही करणारा तो आणि माहीत असायचं मला. पहिल्या मजल्यावरचा ड्रायव्हर म्हणतो, टाकीत गॅस आहे आणि आपल्यावर औषधाची चाचणी चालली आहे. तो नेहमी काहीतरी म्हणतच असतो. पण दहा वेळा खोटं बोलणाराही एखाद्या वेळी चुकून खरं बोलतो.

आता मुद्द्याचं. तुझ्या काकूला पाचवा महिना चालू आहे. आधीचे दोन गेले हे तुला ठाऊक आहे. दुसऱ्या खेपेला दवाखान्यातून तिला घेऊन आले ती मीच. धाकटा, म्हणजे तुझा काका, बाहेर उभा राहून रडत होता, रडणं हे काम त्याला चांगलं जमतं. तिसऱ्यांदा ते सगळं करायची माझी तयारी नाही आणि तिची तर त्याहून नाही. म्हणून विचारते. त्या टाकीत काय आहे? ते माझ्या खिडकीत यावं की न यावं? इमारतीतले सगळे माझ्या तोंडाकडे बघतायत. तू खरं सांगितलंस तर मी शब्द देईन, नाहीतर साखळी तोडायला ड्रायव्हर तयारच आहे.

आजी

*

२० जून

प्रिय आजी,

तुझं पत्र भिंगाशिवाय वाचलं. ड्रायव्हरला साखळी तोडू देऊ नकोस.

त्या टाक्यांमध्ये कार्बन डायऑक्साइड भरतात. नाव मोठं आहे, पण तो वायू आपण सगळेच रोज सोडतो. आपण श्वास बाहेर टाकला की तो बाहेर पडतो. मादी डास माणसाला डोळ्यांनी नंतर शोधते, आधी या वायूच्या मागावर येते. जिथून हा वायू येतो तिथे कोणीतरी जिवंत आहे, म्हणजे तिथे रक्त आहे, एवढं तिला कळतं. म्हणून सापळ्यातून तो थोडा थोडा सोडायचा. तिला वाटतं माणूस आहे, ती जवळ येते, पंखा तिला आत ओढतो आणि ती जाळीत अडकते. शहरात हे किती उपयोगी पडतं ते आम्ही वेगवेगळ्या गल्ल्यांमध्ये सापळे ठेवून बघतो आहोत.

सापळ्यापासून काकूला काही धोका नाही. एवढा वायू तर तुमच्या इमारतीतली माणसं जिन्यात भांडतानाच सोडत असतील. हे मी खात्याची म्हणून नाही, तुझी नात म्हणून लिहिते.

आजी, तुझं लोक ऐकतात. पावसाळा संपेपर्यंत डबा जागचा हलू नये, एवढं बघशील? माझ्यासाठी हे काम मोठं आहे.

काकूला सांग, मी रोज तिची आठवण काढते.

तुझी,
भिंगवाली

*

९ जुलै

चि. भिंगवालीस,

तुझं पत्र मिळालं. म्हणजे तुम्ही अंगणात एक खोटा माणूस बसवलाय, जो नुसता उसासे टाकतो. असा एक घरात आहे आपल्या, तुझा काका, पण त्याने अजून एकही डास पकडलेला नाही.

रविवारी चौकात सगळे जमले. सेक्रेटरी खुर्चीवर बसून म्हणाला, "आजी, तुम्हीच बोला." ड्रायव्हर उठला. "हा गॅस आमच्या नाकात जातो का नाही, एवढं सांगा."

मी म्हटलं, "तुझ्याच नाकातून निघतो बाबा तो. तू तोंड उघडलंस की पुढच्या चौकापर्यंतचे डास इकडे वळतात. जरा गप्प बसलास तर डबाही लागणार नाही."

सगळे हसले. तो म्हणाला, "उद्या काही झालं तर?"

"काही झालं तर माझ्या दारात ये. शब्द माझा आहे."

असा शब्द मी कधी धाकट्यासाठीही दिला नाही. डबा राहिला.

आता तुला बरं वाटेल अशी बातमी. तुमचा तो जाळीवाला आठवड्याला येऊन जाळीची पिशवी काढतो आणि नवी लावतो. मी पिशवी बघून घेते. आपल्याकडे तळाशी मूठभर. पलीकडच्या गल्लीत माझी शिंपीण राहते ना, तिच्या इमारतीतही असाच डबा आहे. काकूचे सैल झगे शिवायला दिले होते, ते आणायला गेले तेव्हा तिथली पिशवी पाहिली. काळीकुट्ट, ओंजळभर! म्हणजे डास त्यांच्याकडचे. आमचा सेक्रेटरी तेव्हापासून छाती काढून फिरतोय, आपली इमारत स्वच्छ म्हणून. त्याने स्वतः झाडू कधी धरला असेल तर मी माझं नाव बदलीन.

आणखी एक. ते पेटत नाही असं तू लिहिलं नव्हतंस, म्हणून मी काडी ओढून बघितली. ओरडू नकोस. फार तर भुवया गेल्या असत्या, त्या तशाही उरल्या नाहीत. आपल्या नळीच्या तोंडाशी काडी धरली. ज्योत पंख्याकडे वाकली आणि बोटाला चटका बसेपर्यंत जळत राहिली. मग शिंपिणीकडच्या नळीशी धरली, तर ज्योत फट्‌कन मेली. दुसरी ओढली, तीही मेली. शिंपीण घाबरून म्हणाली, "आमच्याकडे काहीतरी वाईट भरलंय वाटतं!" मला तसंच वाटतं. एकाच गाडीतून माल येतो, पण एकाला चांगला आणि एकाला टाकाऊ देतात. आपल्याकडची टाकी चांगली निघाली, हे तुझ्या ओळखीमुळेच असणार. उपकार कळले, बोलून दाखवत नाही. पण शिंपिणीकडची तपासून घे. तिच्या घरात लहान मूल आहे.

काकू ठीक आहे. दुपारी गॅलरीत बसते, डब्याकडे बघत. म्हणते, "आई, हा आपला राखणदार." तुझं नाव घेतल्याशिवाय तिचा दिवस जात नाही.

आजी

*

१८ जुलै

प्रिय आजी,

कृपा करून सापळ्याजवळ काड्या ओढू नकोस. शिंपीणबाईंना सांग, घाबरायचं कारण नाही, त्यांच्याकडे काही वाईट नाही.

काकू दुपारी गॅलरीत बसते असं लिहिलं आहेस. तिला तिथे बसू देऊ नकोस. डेंग्यूचा ताप आणणारा डास दिवसा चावतो. सकाळी आणि दुपारनंतर तर जास्तच. खिडक्यांना जाळी बसवून घ्या. दिवसा झोपली तरी मच्छरदाणीत झोपू दे. हातपाय झाकतील असे कपडे, मोजे. पाण्याची पिंपं झाकलेली हवीत, आठवड्यातून एकदा घासायला हवीत. सोबत मच्छरदाणी आणि अंगाला लावायची ट्यूब पाठवते आहे. डॉक्टरांना विचारून निवडली आहे, काकूला चालेल.

नाहीतर असं करूया का? काही महिने काकूला माझ्याकडे पाठव. इथे दवाखाना जवळ आहे, माझी खोली वरच्या मजल्यावर आहे. काकाला मी समजावते.

उत्तर लवकर लिही.

तुझी,
भिंगवाली

*

२७ जुलै

भिंगवाली,

तुझं पत्र दोनदा वाचलं. मग मच्छरदाणीची घडी उलगडत बसले आणि उलगडता उलगडता डोक्यात प्रकाश पडला. एका पानात तू जाळी, मच्छरदाणी, मोजे, ट्यूब, पिंप सगळं लिहिलंस. टाकीबद्दल एक अक्षर नाही. मागच्या पत्रात नुसती टाकीच होती. मी लिहिलं की आपल्याकडचा माल चांगला, तर तू हो म्हणाली नाहीस आणि नाहीही म्हणाली नाहीस. लहानपणी बरणी फुटली की तू अशीच करायचीस. बरणीचं सोडून बाकी घरातल्या सगळ्या वस्तूंची चौकशी करायचीस.

म्हणून गुरुवारी पेलाभर पाणी घेऊन खाली गेले. नळीचं टोक पाण्यात बुडवलं आणि बघत उभी राहिले. एक बुडबुडा नाही. तसाच पेला घेऊन शिंपिणीकडे गेले. तिच्या नळीला बुडबुड, बुडबुड, तुझ्या काकाच्या घोरण्यासारखं, थांबतच नाही.

मग जाळीवाल्याला जिन्यात बसवून चहा दिला. तो म्हणाला, "आजी, मला सीलबंद टाक्या देतात. नंबर बघून लावतो. आत काय ते वरचे जाणोत." मी विचारलं, "वरचे म्हणजे कोण?" तो म्हणाला, "मॅडम." मी विचारलं, "कोणती मॅडम?" त्याने चहा तसाच टाकला. माझा चहा इतका वाईट नसतो.

मला आता असं दिसतं. शिंपिणीकडे डास जास्त नाहीत, तिथे ते पकडले जातात. आपल्याकडे डास कमी नाहीत, आपल्याकडे ते मोकळे फिरतात. मूठभर पिशवी पाहून आम्ही छाती फुगवली आणि ओंजळभर पाहून त्यांना नाक मुरडलं. माझ्यासारखी दुसरी शहाणी शोधून सापडायची नाही.

आमची टाकी रिकामी आहे. हे मी विचारत नाही, सांगते. आता विचारते ते एवढंच. दुकानदाराने तुम्हाला फसवलं, की तुम्ही आम्हाला? आणि तुला माहीत होतं का? हो किंवा नाही. मोज्यांची चौकशी नको.

काकूला कालपासून ताप आहे. डोळ्यांच्या मागे दुखतं म्हणते. आज रक्त तपासायला दिलंय.

आजी

*

३० जुलै

आजी,

पोस्टाने उशीर होईल म्हणून हे पत्र जाळीवाल्याच्या हाती देते आहे. काकाशी फोनवर बोलले, डॉक्टरांशीही बोलले. तुझ्याशी बोलायला फोन हातात घेतला आणि परत ठेवला.

हो. माहीत होतं.

फसवणूक दुकानदाराची नाही. निम्म्या गल्ल्यांमध्ये टाकी भरलेली आहे, निम्म्यांमध्ये रिकामी. डबा तोच, पंखा तोच, फरक फक्त वायूचा. तसं केल्याशिवाय वायूने फरक पडतो की नुसत्या पंख्याने, हे कळत नाही. कोणाकडे कोणती हे रहिवाशांना सांगायचं नाही आणि जाळीवाल्यालाही नाही, नाहीतर ज्याच्याकडे रिकामी तो दुसरं काहीतरी करतो आणि मोजमाप बिघडतं. प्रत्येक इमारतीच्या सेक्रेटरीला हे समोर बसवून सांगितलं होतं. तुमच्या सेक्रेटरींना मीच सांगितलं होतं. ते मान हलवत होते.

कुठे भरलेली आणि कुठे रिकामी ते चिठ्ठ्या टाकून ठरलं. चिठ्ठ्या मी उचलल्या. तुमची इमारत रिकामीत निघाली. खोलीत मी एकटी होते. चिठ्ठी परत टाकून दुसरी उचलली असती तर कोणाला कळलं नसतं. ती हातात धरून मी बराच वेळ बसले होते. परत टाकली असती तर दुसऱ्या कोणाच्या तरी काकूच्या खिडकीखाली रिकामी टाकी गेली असती. म्हणून नाही टाकली.

पण तू मला शब्दाबद्दल विचारलंस तेव्हा मी "सापळ्यापासून धोका नाही" असं लिहिलं. ते वाक्य खरं होतं. ते मी मुद्दाम तसं जुळवून लिहिलं होतं.

भरलेली टाकी असती तर काकूला ताप आला नसता का? मला माहीत नाही. तो वायू डासांना लांबून बोलावतो. आलेले सगळे पकडले जातात, की काही वाटेतल्या माणसांना चावतात, तेच आम्ही शोधतो आहोत. शिंपीणबाईंच्या गल्लीत चावे जास्तही निघतील. कमीही निघतील.

तू सांगितलंस तर उद्या तुमची टाकी भरून घेते. त्या जागेची मोजणी रद्द करावी लागेल आणि मला कारण लिहावं लागेल. लिहीन.

मला यायचं आहे. येऊ का?

भिंगवाली

*

२४ ऑगस्ट

चि. भिंगवालीस,

उत्तराला उशीर झाला, कारण दवाखान्यात बसून लिहायला मी कारकून नाही. काकू घरी आली. तोच ताप निघाला. रक्तातल्या पेशी इतक्या खाली गेल्या की डॉक्टरीणबाईने मला बाहेर बोलावलं आणि धाकट्याला नाही, तेव्हाच मला कळलं की गोष्ट सरळ नाही. आता पेशी चढल्यात. पोटातला जीव हलतो. काल माझा हात तिथे ठेवला तर लाथ बसली. आपल्या घराण्याचाच आहे. पुढचं पुढे. मी आनंद आधी खर्च करत नाही.

येऊ का असं विचारलंस आणि मी उत्तर दिलं नाही, तेच उत्तर होतं. त्या वेळी तू समोर असतीस तर मी बोलू नये ते बोलले असते.

आल्यावर सेक्रेटरीला धरलं. "तुला सांगितलं होतं ना, काही ठिकाणी खरा, काही ठिकाणी खोटा?" तर म्हणतो, "सांगितलं होतं आजी. पण मला वाटलं, आपल्याकडे तर खराच असणार." बघ. या माणसाला रांगेत उभं केलं तरी वाटतं रांग याच्यापासून सुरू होते. मग मी मनात म्हटलं, याला कशाला हसायचं? काडी जळत राहिली तेव्हा मलाही तेच वाटलं होतं.

शब्द मी दिला होता, म्हणून परतही मीच घेतला. सगळ्यांना चौकात बोलावून सांगितलं, "टाकी रिकामी आहे. माझं चुकलं. ज्याला बोलायचं त्याने बोलून घ्या." ड्रायव्हर बोलला. त्याचा हक्क होता, मी ऐकलं. मग खरी मजा सुरू झाली. अर्धे म्हणतात, आम्हाला भरलेली टाकी पाहिजे, पलीकडच्यांचे काय लाड? अर्धे म्हणतात, भरलेली नको, ती डासांना आमंत्रण देते. ही बातमी शिंपिणीच्या गल्लीत पोचली तर तिकडेही तेच, अर्धे म्हणतात आम्हाला आमिष केलं, अर्धे म्हणतात आमची टाकी चोरायला हे लोक येणार, पहारा ठेवा. दोन्ही गल्ल्या एकमेकींकडे चोरासारख्या बघतायत. शेवटी कोणाचंच एकमत झालं नाही, आणि ज्यावर एकमत होत नाही ते आमच्याकडे जागचं हलत नाही. त्यामुळे डबा तसाच आहे. टाकी भरू नकोस. मोजत होतीस ते मोजून घे. एवढं सगळं होऊन शेवटी "माहीत नाही" हेच उत्तर निघालं, तर मी तिकडे येऊन तुझ्या साहेबाच्या खुर्चीत बसेन.

आता तुझं.

तू मला आधी सांगितलं असतंस तर मी काय केलं असतं ते तुला माहीत आहे. माणसं लावून टाक्या बदलल्या असत्या. शिंपीण माझी मैत्रीण आहे, तिच्या घरात मूल आहे, तरी बदलल्या असत्या आणि शांत झोपले असते. तू तसं केलं नाहीस. चिठ्ठी परत टाकली नाहीस, ते बरोबर केलंस. हे मी मान्य करते आणि पुन्हा कधी बोलणार नाही.

पण चिठ्ठी वेगळी आणि पत्र वेगळं. चिठ्ठी तू उचललीस. पत्र तू जुळवलंस. मी सरळ विचारलं होतं. "सांगता येत नाही, आजी, नियम आहे," एवढं लिहिलं असतंस तर मी शिव्या दिल्या असत्या, पण बाईला त्याच दिवशी गॅलरीतून उठवलं असतं. ती तिथे बसली ती तुझ्या भरवशावर. डब्याच्या नाही.

आणि हे तिला माहीत नाही. टाकी रिकामी होती हे तिला कळलंय, अख्ख्या गल्लीला कळलंय. पण सगळ्यांना वाटतं की चिठ्ठ्या कुठल्यातरी बड्या साहेबाने काढल्या. मी तसं वाटू दिलं. तुला वाचवायला नाही. तापातून उठलेल्या बाईला एकाच वेळी दोन दुखणी नकोत म्हणून. ती अजून म्हणते, "टाकी रिकामी होती हे भिंगवालीला कळवलं नाही का हो कोणी? बिचारीला वाईट वाटेल." बाळाचं नाव तूच सुचवायचं, असंही म्हणते. मी भिंतीकडे बघते.

हे मी तिला सांगणार नाही. धाकटाही सांगणार नाही, त्याला मी सांगितलेलंच नाही. तू सांगायचंस.

ऑक्टोबरच्या शेवटी दिवस भरतात. सगळं नीट झालं तर तू येशीलच. आलीस की पाळण्याकडे जायचं नाही. आधी तिच्या खाटेशी बसायचं आणि चिठ्ठीपासून पत्रापर्यंत सगळं सांगायचं. वाक्यं जुळवायची नाहीत. मी खोलीत असेन, पण तुझ्या बाजूने बोलणार नाही आणि तिच्याही नाही.

मग तिने मूल तुझ्या हातात दिलं तर घे. नाही दिलं तर दारातून बघ आणि बाहेर ये. चहा मी देईन.

आजी